हिरडीखालचे आकडे

शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आम्हाला सहा वर्षं झाली होती, तेव्हा मी कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजीनला जायचं ठरवलं. कराडला आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “म्हणजे दातांची डॉक्टर होणार का तू?” नाही म्हटलं. “मग नर्स?” तेही नाही. हा प्रश्न पुढे मंडळात, देवळात, किराणा दुकानात इतक्यांदा विचारला गेला की आधी तेच सांगून टाकते.

अमेरिकेत दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यायला गेलं की पाऊण-एक तास तुमच्या तोंडात काम करणारी व्यक्ती बहुतेकदा डेंटिस्ट नसते, हायजिनिस्ट असते. ती कीटण काढते, हिरड्या किती खोल सुटल्यात ते मोजते, एक्स-रे घेते, जीभ-गाल-टाळू नीट पाहून कुठे संशयास्पद डाग नाही ना ते बघते. इलिनॉयमध्ये तिला शिक्षण घेऊन भूल देण्याचीही परवानगी आहे. डेंटिस्ट शेवटी येऊन तपासतो आणि निदान करतो. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टच्या आल्फ्रेड फोन्स या डेंटिस्टनं १९०६ साली आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला हे काम शिकवलं आणि १९१३ साली स्वतःच्या गॅरेजमध्ये पहिला वर्ग भरवला. तिथून शिकलेल्या बायका शाळाशाळांत जाऊन मुलांचे दात साफ करायच्या. आपल्याकडेही १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये डेंटल हायजिनिस्टची स्वतंत्र नोंद होती, पण कराडच्या दवाखान्यात मला कधी कुणी हायजिनिस्ट भेटली नाही. तिथे दात दुखला तरच माणूस जातो, आणि गेला तर बहुतेक वेळा दात काढूनच येतो.

प्रवेशाआधीचे विषयच दोन वर्षं खाऊन गेले. मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची मायक्रोबायॉलॉजीची पदवीधर. लग्नाआधी पॅथॉलॉजी लॅबमध्ये चार वर्षं काढलेली. पण कॉलेजला विज्ञानाचे विषय अलीकडच्या काही वर्षांतलेच हवे होते, त्यामुळे ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, केमिस्ट्री आणि चक्क मायक्रोबायॉलॉजीसुद्धा पुन्हा करावं लागलं. शिवाय इंग्रजी, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी. जागा मोजक्या आणि निवड गुणांवर. पहिल्या वर्षी माझं नाव प्रतीक्षायादीतच राहिलं. दुसऱ्या वर्षी, २०२१च्या ऑगस्टमध्ये, आत गेले. वय सदतीस, धाकटा मुलगा दुसरीत. हिपॅटायटिस बीची लस, टीबीची चाचणी, सीपीआरचं प्रमाणपत्र, गणवेश, आणि काही हजार डॉलरचा अवजारांचा संच. तो संच घरी आणून टेबलावर उघडला तेव्हा नवरा बराच वेळ नुसता बघत उभा होता.

पहिल्या सत्राला प्रीक्लिनिक म्हणतात. तोंड म्हणजे टायपोडॉन्ट, रबरी हिरड्यांत बसवलेले प्लास्टिकचे दात. त्यांवर नेलपॉलिश लावायचं, ते वाळलं की कीटण समजून काढायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण आधी बसायचं कसं तेच आठवडाभर शिकवलं. पेशंटचं डोकं घड्याळाच्या मध्यावर आहे असं धरायचं, आणि उजव्या हातानं काम करणाऱ्यानं आठपासून बारापर्यंतच्या आकड्यांवर सरकत राहायचं. कुठल्या दाताच्या कुठल्या बाजूला नऊवर, कुठल्या बाजूला अकरावर, हे पाठ. डाव्या हातात आरसा. वरच्या दाढांची मागची बाजू थेट दिसतच नाही, आरशात बघायची, आणि आरशात हात उलटा चालतो. उजव्या हाताचं अनामिकेचं बोट शेजारच्या दातावर टेकवून ठेवायचं. त्याला फल्क्रम म्हणतात. ते बोट सुटलं की अवजार घसरतं आणि हिरडी कापते, म्हणून शिक्षिका वर्गात फिरताना आधी सगळ्यांची अनामिका बघायच्या.

मला सगळ्यात अवघड गेला तो एक्सप्लोरर. हे केसासारख्या बारीक टोकाचं वाकडं अवजार. त्यानं काही काढायचं नसतं, फक्त हिरडीखाली, जिथे डोळा पोचत नाही, तिथे दाताच्या मुळावरून फिरवून खडबडीतपणा ओळखायचा. मी अवजार घट्ट धरायची. बोटांची टोकं पांढरी पडायची. शिक्षिकेनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “इतकं आवळलंस तर तुला काहीच कळणार नाही.” पकड जेवढी हलकी, तेवढी टोकाची थरथर बोटांपर्यंत येते. महिनाभर मला काही म्हणजे काही कळलं नाही. सगळे दात सारखेच. मग एका रविवारी डाळ निवडताना लक्षात आलं की मी खड्याकडे बघतच नव्हते. गप्पा चालल्या होत्या, नजर मुलाकडे, आणि बोटं ताटातून फिरताना खडा आपोआप बाजूला पडत होता. आई, आजी सगळ्या अशाच निवडायच्या. मी बोट आवळून डाळ निवडली असती तर खडा मिळाला असता का? सोमवारी एक्सप्लोरर तसा धरला. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टोक अडखळलं, पुढे गेलं, परत अडखळलं. मला रडू आलं, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीला वाटलं मला काही लागलं.

कीटण त्या जागी जास्त का साचतं, हे तेव्हाच नीट समजलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला लाळेच्या नळ्यांची तोंडं उघडतात. दातांवरचा जंतूंचा मऊ थर लाळेतल्या कॅल्शियमनं काही दिवसांत दगड होतो. मऊ आहे तोवर ब्रशनं निघतो, दगड झाला की निघत नाही.

तो काढायची अवजारं म्हणजे क्युरेट. ग्रेसी क्युरेटचं प्रत्येक पातं ठरावीक जागेसाठी: ११/१२ नंबरचं दाढेच्या पुढच्या बाजूला, १३/१४ नंबरचं मागच्या. पात्याचा दाताशी कोन पंचेचाळीसपेक्षा जास्त, नव्वदपेक्षा कमी. कोन कमी पडला की पातं कीटण ओरबाडत नाही, त्यावरून नुसतं घसरतं आणि त्याला गुळगुळीत करून ठेवतं. बोथट पात्यानंही तेच होतं. हे असं पॉलिश झालेलं कीटण सगळ्यात वाईट, कारण मग एक्सप्लोररलाही ते लागत नाही. माझी एक परीक्षा याच कारणानं गेली. उजवीकडच्या वरच्या पहिल्या दाढेच्या, म्हणजे इथल्या हिशेबात तीन नंबरच्या, मागच्या बाजूला मी कीटण ठेवलं होतं आणि मला ते साफ वाटत होतं. त्यानंतर धार लावायचा दगड माझ्या पर्समध्ये कायम असायचा. मुलाच्या कराटेच्या वर्गाबाहेर गाडीत बसून मी धार लावायची.

भूल द्यायला एकमेकींवरच शिकलो. खालचा जबडा बधिर करायचं इंजेक्शन सगळ्यात जास्त घाबरवतं, कारण सुई दोन-अडीच सेंटीमीटर आत जाते आणि हाडाला टेकेपर्यंत थांबायचं नसतं. टेकली की किंचित मागे घ्यायची, रक्त येतंय का ते ओढून बघायचं आणि मग औषध अगदी हळू, मिनिटाला एक मिलिलिटर या गतीनं सोडायचं. माझी जोडीदार मेक्सिकन घरातली तेवीस वर्षांची मुलगी होती. सुई टोचताना दोघींचे डोळे एकमेकींच्या डोळ्यांत. तिचा अर्धा ओठ बधिर झाला तेव्हा तिनं अंगठा वर केला, आणि मग माझी पाळी.

दुसऱ्या वर्षी खरे पेशंट. आणि खरी दमछाक. अवजारांपेक्षा, परीक्षांपेक्षा मला याचाच जास्त त्रास झाला, कारण बहुतेक पेशंट आपले आपणच शोधायचे असतात. एवढी लहान मुलं, एवढे म्हातारे, एवढे भरपूर कीटण असलेले, एवढे खोल हिरडीच्या आजाराचे, अशी यादी असते आणि ती पुरी झाल्याशिवाय सत्र पुरं होत नाही. विद्यार्थिनीला एका पेशंटला साडेतीन-चार तास लागतात, कारण प्रत्येक पायरीनंतर शिक्षिका येऊन तपासतात. चार तास तोंड उघडून बसायला कोण येणार? वर्गातल्या मुली मित्रांना आणायच्या. मी कुणाला आणू?

मला तारलं ते आपल्या लोकांनी. उन्हाळ्यात इथे घरोघरी आईवडील सहा महिन्यांसाठी येतात. त्यांना दातांचा विमा नसतो, बाहेर साफ करून घ्यायचं तर बिल ऐकूनच माघार. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये फी नाममात्र. मंडळाच्या गणेशोत्सवात मी महाप्रसादाच्या रांगेत उभी राहून एकेका काका-काकूंना विचारलं. कुणी सुपारी खाणारे, कुणी वीस वर्षांत दातांच्या डॉक्टरकडे न गेलेले, कुणी नवीनच मधुमेह निघालेले. मधुमेहात साखर चढली की हिरड्या लवकर सुजतात, आणि हिरड्यांची सूज राहिली की साखर आवरत नाही, हे मी त्यांना मराठीत सांगू शकत होते. वर्गातल्या इतर कुणाला ते जमलं नसतं.

सगळ्यांचा एकच आक्षेप: “दात साफ केले की हलायला लागतात.” हे मी लहानपणापासून ऐकलंय, आणि लोक खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं जाणवतं. होतं असं की हिरडीखाली कीटण साचत जातं, त्यातल्या जंतूंमुळे सूज राहते आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. पण त्याच वेळी कीटणाची भिंत एका दाताला दुसऱ्याशी जोडून धरते. दात हाडावर नाही, त्या दगडावर उभा असतो. दगड काढला की फटी उघड्या पडतात, हललेलं जाणवतं. हाड त्याआधीच गेलेलं असतं. मी एक्स-रे लावून दाखवायची: हाडाची रेषा इथे हवी होती, ती इथे आहे. सोलापूरचे एक काका ते बघून गप्प झाले आणि मग म्हणाले, “हे आधी कुणी दाखवलंच नाही.”

त्याच काकांच्या दुसऱ्या भेटीला रक्तदाब निघाला १८४/११२. पुन्हा मोजला, तेवढाच. नियमानं काम करता येत नाही, डॉक्टरकडे पाठवायचं. मला तो पेशंट हातचा गेल्याचं इतकं वाईट वाटलं की त्यांना गाडीपर्यंत सोडताना माझं त्यांच्या बोलण्याकडे लक्षही नव्हतं. रात्री त्यांच्या मुलीचा फोन आला. बाबांना संध्याकाळीच डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, थँक्यू. त्या रात्री मला माझ्या यादीची फार लाज वाटली.

ऑक्टोबरमध्ये आई आली, आणि खोल हिरडीच्या आजाराचा पेशंट मला घरातच मिळाला.

आई मिशरी लावते. माझ्या आठवणीत आई म्हणजे पहाटेचा तो वास. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, त्याच्या धुरानं आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो, मग कुटून चाळून पत्र्याच्या डबीत. उजव्या हाताच्या तर्जनीनं सकाळी एकदा, दुपारी जेवणानंतर एकदा. आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायका लावायच्या. खाणं, पिणं, आंघोळ, तसंच ते.

क्लिनिकमध्ये तिला खुर्चीवर बसवलं आणि मी फॉर्म भरायला लागले. इथल्या फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न असतो. मी मराठीत विचारलं, “तंबाखू?”

“मी कुठं तंबाखू खाती? तुझा बाप खायचा.”

आणि मी ‘नाही’वर खूण केली. मी, जी त्या धुरात वाढले. विचार न करता केली असं मला म्हणायला आवडलं असतं, पण क्षणभर माझा हात थांबला होता. आपल्या आईचं हे इथे, या लोकांसमोर लिहायला मला नको वाटलं.

शिक्षिका तपासायला आल्या. त्यांनी आईचा खालचा ओठ हळूच बाहेर ओढला. ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत पांढरट, सुरकुतलेला पट्टा होता, बोटाच्या पेराएवढा. मी आईचं तोंड पाच मिनिटं आधी बघितलं होतं आणि तो पट्टा मला दिसला नव्हता. किंवा मी बघितला नव्हता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “तोंडात ठेवायची तंबाखू?” मी म्हटलं, “हो. रोज. चाळीस वर्षं.” त्या रागावल्या नाहीत. फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं. मी खूण बदलली.

मग प्रोब. त्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत अलगद उतरवायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, जोडीदार लिहून घेते. एक ते तीन ठीक, चारपासून काळजी. आईचे बावीस दात शिल्लक, म्हणजे एकशे बत्तीस आकडे. तीन-तीन-चार. चार-तीन-पाच. मागे गेले तसे पाच-सहा-सहा. एका दाढेपाशी सात. मी इंग्रजीत म्हणत होते तरी आईला आकडे कळत होते, तेवढं तिला येतं. मध्येच तिनं हात वर केला. “मोठा आकडा वाईट का चांगला?”

“वाईट, आई.”

“मग खरं तेच लिही.”

डेंटिस्टनं तो पांढरा पट्टा पाहिला आणि सांगितलं की दोन आठवडे मिशरी पूर्ण बंद करून पुन्हा या. बंद केल्यावर गेला तर बरं, राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. ते दोन आठवडे आमच्या घरात सोपे गेले नाहीत. आईचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, आणि सगळ्यात मोठी तक्रार पोट साफ होत नाही ही. मिशरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे गावाकडच्या जवळजवळ प्रत्येक बाईकडून ऐकायला मिळतं, आणि ते मनाचे खेळ नाहीत, निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल खरंच वाढते. सकाळी गरम पाणी, भाजलेला ओवा, बडीशेप. डबी तिनं स्वतःहून माझ्या कपाटात ठेवायला दिली. दोनदा मागितली. एकदा मी नाही म्हटलं, तेव्हा ती रात्री जेवली नाही.

पंधराव्या दिवशी पट्टा बराच विरला होता. कडेला थोडं राहिलं होतं, त्यावर नजर ठेवायला सांगितलं. मग दोन भेटींत अर्धं-अर्धं तोंड भूल देऊन साफ केलं. त्या सात मिलिमीटर खोल जागेत १३/१४ नंबरचा क्युरेट घालून मी कीटण काढत होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, रक्त आणि पाणी नुसतं. बोटांना मात्र सगळं कळत होतं: अडखळतंय, अजून अडखळतंय, आता काच लागावी तसं गुळगुळीत. शिक्षिकेनं एक्सप्लोरर फिरवला आणि नुसती मान हलवली.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. सहाच्या बहुतेक जागा चारवर आल्या होत्या. सातची पाच झाली. हाड परत आलं नव्हतं, ते येत नाही. पण आता हिरडी घट्ट बसली होती आणि ब्रश केल्यावर रक्त येत नव्हतं. जानेवारीत आई परत गेली.

बाकीचं थोडक्यात. वसंतात राष्ट्रीय बोर्डाची परीक्षा दिली, साडेतीनशे प्रश्न, जवळजवळ दिवसभर. हातांची परीक्षा मॅनिकिनवर, म्हणजे प्लास्टिकच्या दातांच्या पुतळ्यावर झाली. कोविडच्या काळात तो पर्याय आला, नाहीतर पूर्वी त्या दिवसासाठीही पेशंट शोधून आणावा लागे, आणि पेशंट आलाच नाही तर परीक्षा गेली. २०२३च्या मेमध्ये पदवी, जुलैमध्ये लायसन्स. आता घरापासून वीस मिनिटांवरच्या दवाखान्यात आठवड्यातून चार दिवस काम करते. प्रत्येक पेशंटचा ओठ बाहेर ओढून खोबण बघते, आणि आपल्याकडची बाई असली तर तंबाखू असं विचारत नाही. मिशरी, मशेरी, तपकीर, गुटखा, पानातली, एकेक नाव घेऊन विचारते. नाव घेतलं की उत्तर येतं.

आईशी दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. मागच्या महिन्यात मी तिला फोन उजेडाकडे धरून ओठ खाली ओढायला सांगितला. चित्र हलत होतं, नीट काही दिसलं नाही. मी विचारलं, “मिशरी?”

ती जरा वेळ गप्प होती. मागे कुकरची शिट्टी झाली.

“सकाळी एकदा,” ती म्हणाली. “दुपारची सोडली.”

मी वहीत तारीख टाकून लिहून घेतलं, आणि बुधवारी कराडच्या दातांच्या दवाखान्यात तिच्यासाठी वेळ घेतली.